आधाराची पायरी की नवी उतरंड?

मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'निपुण महाराष्ट्र' नावाचा कृती कार्यक्रम जाहीर केला. दुसरी ते पाचवीच्या मुलांना वाचता येते का, बेरीज-वजाबाकी येते का हे तपासायचे, ज्याला जेवढे येते त्यावरून त्याचा स्तर ठरवायचा आणि त्या स्तरापासून त्याला पुढे न्यायचे, असा हा कार्यक्रम. त्यातच 'चावडी वाचन' आले. म्हणजे शाळेतल्या मुलांनी गावकऱ्यांसमोर वाचून दाखवायचे.

चावडी हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. ज्या चावडीच्या पायरीखाली आपला आजा-पणजा 'जोहार मायबाप' म्हणत उभा राहिला, त्याच चावडीवर आज त्याचा पणतू पुस्तक हातात धरून वाचतो आहे, हे दृश्य पाहून कोणाचीही छाती अभिमानाने भरून यावी. पण वाचता आले तर! नाही आले तर? अडखळणाऱ्या पोराचे आडनाव आणि त्याची वस्ती गावात सगळ्यांना पाठ असते. पाटलाचे पोर अडखळले तर 'लाजले' म्हणतात. बौद्धवाड्यातले पोर अडखळले तर काय म्हणतात, हे या दैनिकाच्या वाचकांना सांगायची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाला भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवण्याची भाषा आहे. नऊ वर्षांच्या मुलाची परीक्षा गावासमोर घेण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याने हे कलम एकदा वाचून पाहावे. ते चावडीवर वाचले तरी चालेल.

तरीही भांडण चावडीशी नाही. खरा प्रश्न आहे तो स्तराचा. मुलांचे स्तर पाडून, मागे असलेल्यांना जास्तीचा आधार द्यावा, ही कल्पना मुळात वाईट आहे का? आपल्यातले काही कार्यकर्ते 'स्तर' हा शब्द ऐकताच उठून बसतात आणि म्हणतात, आली पुन्हा चातुर्वर्ण्याची उतरंड! त्यांची शंका खोटी नाही. पण घाईची आहे. कारण हीच कल्पना कायद्याच्या रूपाने अमेरिकेच्या सरकारी शाळांत आली, आणि तिथे ती येण्यामागे काळ्या आईबापांनी कोर्टात दिलेली झुंज आहे. आपल्याकडचे शिक्षणतज्ज्ञ अमेरिकेतल्या पद्धतींची भाषांतरे करतात, त्या पद्धतींच्या मागचा लढा मात्र भाषांतरात गळून पडतो. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या आणि १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉय यांना पत्र लिहून काळ्यांच्या प्रश्नाची विचारपूस करणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना तरी तो ठाऊक असायला हवा.

आधी ही पद्धत काय आहे ते पाहू. अमेरिकेतील सरकारी शाळांत तिचे चित्र त्रिकोणाने काढतात. तळाशी पहिली पायरी. ती सगळ्या वर्गाची. शिक्षकाने रोजच्या तासाला सगळ्यांना नीट शिकवायचे, आणि वर्गातली साधारण ८० टक्के मुले एवढ्यावरच पुढे जावीत अशी अपेक्षा. वर्षातून तीनेक वेळा सगळ्यांची छोटी तपासणी. तिच्यात जी १५ टक्के मुले मागे दिसतील ती दुसऱ्या पायरीवर. त्यांना तीन-चार किंवा पाच-सहा जणांच्या गटात रोज थोडा वेळ जादा शिकवायचे, दर एक-दोन आठवड्यांनी प्रगती मोजायची, आणि ठरलेल्या मुदतीनंतर गटातून बाहेर काढायचे. एवढ्यानेही न हललेली उरलेली ५ टक्के मुले तिसऱ्या पायरीवर. तिथे शिक्षक एकेका मुलाकडे लक्ष देतो. वागणुकीचेही तसेच. शाळेचे नियम सगळ्यांना शिकवायचे, काहींना जरा जास्त लक्ष द्यायचे, अगदी थोड्यांसाठी समुपदेशक, पालक आणि शिक्षक यांनी एकत्र बसून आराखडा करायचा. छडी, हकालपट्टी ही शेवटची गोष्ट, पहिली नव्हे.

कागदावर हे इतके शहाणपणाचे दिसते की कोणालाही पटावे. पण अमेरिकेला हे शहाणपण सुचायला कोर्टाची पायरी चढावी लागली.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राऊन' खटल्यात काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्याच दिवशी राजधानी वॉशिंग्टनच्या शाळांबाबतही तसाच निकाल दिला. आता काळी मुले आणि गोरी मुले एका शाळेत येणार होती. मग काय झाले? १९५६ मध्ये वॉशिंग्टनच्या शाळांत कार्ल हॅन्सन या अधिकाऱ्याने 'ट्रॅक' पद्धत आणली. चाचणी घ्यायची आणि मुलांना हुशार, साधारण, मठ्ठ अशा वेगवेगळ्या मार्गांवर टाकायचे. इमारत एक, फाटकही एकच, पण आतले वर्ग वेगळे. हुशारांच्या मार्गावर गोरी आणि खातीपिती मुले, तळाच्या मार्गावर गरीब आणि काळी मुले. तळाच्या मुलांना इंग्रजी-गणित कमी आणि हातकामाची तयारी जास्त. आपल्याकडे हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अस्पृश्यांना देवळात घेतले तरी गाभाऱ्याचे दार बंदच ठेवायचे, तशातलाच हा प्रकार.

ज्युलियस हॉब्सन नावाचा नागरी हक्कांचा कार्यकर्ता आपल्या मुलीच्या वतीने कोर्टात गेला. जून १९६७ मध्ये न्यायमूर्ती स्केली राइट यांनी ती ट्रॅक पद्धत रद्द केली. त्यांच्या निकालातला मुद्दा आजही आपल्या कामाचा आहे. मुलांचे गट पाडणेच बेकायदा, असे ते म्हणाले नाहीत. ज्या चाचण्यांवर गट पाडले त्या चाचण्या गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांच्या मापाने बेतलेल्या होत्या, म्हणून त्या काळ्या मुलांची बुद्धी नव्हे तर त्यांची वंचितता मोजत होत्या. आणि खालच्या मार्गावर गेलेल्या मुलाला वर आणण्यासाठी जो जादा आधार द्यायला हवा होता तो दिलाच नाही, म्हणून ते मूल तिथेच अडकले. त्यांचा राग होता तो यावर. खाली टाकायची व्यवस्था होती, वर काढायची नव्हती.

त्याहून भयंकर गोष्ट कॅलिफोर्नियाची आहे. तिथे सरकारी शाळांत 'शिकवण्याजोगे मतिमंद' असा एक वर्ग असे. बुद्ध्यांक चाचणीत कमी गुण आले की मूल त्या वर्गात. राज्यातल्या विद्यार्थ्यांत काळी मुले ९ टक्क्यांच्या आसपास, आणि या मतिमंदांच्या वर्गांत ती सुमारे २७ टक्के! सॅन फ्रान्सिस्को शहरात काळी मुले २८.५ टक्के, तर त्या वर्गांत ६६ टक्के. निसर्गाने सॅन फ्रान्सिस्कोत मतिमंदपणा रंग बघून वाटला होता काय?

१९७१ मध्ये सहा काळ्या मुलांच्या वतीने तिथे खटला भरला गेला. 'लॅरी पी.' या नावाने तो प्रसिद्ध आहे. खटल्याआधी काळ्या मानसशास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट केली. त्याच मुलांची त्यांनी पुन्हा चाचणी घेतली. मुलांशी ओळख केली, त्यांना धीर दिला, प्रश्नांची भाषा त्यांना कळेल अशी केली आणि त्यांच्या ओळखीच्या जगातून आलेली उत्तरेही मोजली. तीच मुले, पण गुण १७ ते ३८ ने वाढले. सगळी मुले 'मतिमंद' ठरवण्याच्या रेषेच्या वर गेली. म्हणजे चाचणी घेणाऱ्याचा चेहरा आणि त्याची जीभ बदलली तेव्हा मुलाची बुद्धी बदलली! १९७२ मध्ये न्यायमूर्ती रॉबर्ट पेकहॅम यांनी तात्पुरती मनाई दिली आणि १९७९ मध्ये अंतिम निकाल देऊन त्या वर्गांसाठी काळ्या मुलांवर बुद्ध्यांक चाचणी वापरण्यास बंदी केली. त्या वर्गांतून मूल परत साध्या वर्गात येतच नाही, तो बंद बोळ आहे, हे त्यांनी नोंदवले.

हा खटला ज्या काळात आणि ज्या परिसरात उभा राहिला, तो काळ आणि तो परिसर ब्लॅक पँथर पक्षाचा आहे. खाडीपलीकडच्या ओकलंडमध्ये पँथर गरीब मुलांना शाळेआधी मोफत नाश्ता देत होते, पुढे त्यांनी स्वतःची शाळाही चालवली. त्यांचे नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपण त्यांचे नाव घेतले, त्वेष घेतला. शाळेच्या वर्गात शिरून चाचणीचा कागद उलटा-सुलटा तपासण्याची त्यांच्या समाजातल्या लोकांची चिकाटी मात्र आपण फारशी घेतली नाही. हे कोणाला झोंबले तर झोंबू द्या.

या लढ्यांतून अमेरिकेच्या कायद्यात हळूहळू बदल झाले. १९७५ चा अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा आला, १९९७ च्या दुरुस्तीत शिक्षेऐवजी चांगल्या वर्तनाला आधार देण्याची भाषा आली. २००४ मध्ये मोठा बदल झाला. मुलाला 'अध्ययन-अक्षम' ठरवण्यासाठी बुद्ध्यांक आणि गुण यांतली तफावतच पाहिली पाहिजे अशी सक्ती राज्यांनी शाळांवर करू नये, त्याऐवजी आधी नीट शिकवून पाहावे, मूल त्याला कसा प्रतिसाद देते ते पाहावे, हा मार्ग कायद्याने मोकळा केला. ज्या जिल्ह्यांत एका वंशाची मुले या विशेष वर्गांत लक्षणीयरीत्या जास्त आढळतील, त्यांनी त्या खात्याच्या केंद्रीय निधीतले १५ टक्के आधीच आधार देण्यावर खर्च केले पाहिजेत, असेही बंधन घातले. २०१५ च्या शिक्षण कायद्यात या 'बहुस्तरीय आधार पद्धती'ची व्याख्याच दिली. यातले तत्त्व लक्षात घ्या. आधी पुरावा मागितला जाई तो मुलाकडे: तू शिकण्याजोगा आहेस हे दाखव. आता पुरावा मागितला गेला तो शाळेकडे: तू शिकवलेस हे दाखव.

म्हणून अमेरिकेत सगळे आलबेल झाले असे मुळीच नाही. २०१५ मध्येच तिथल्या केंद्रीय शिक्षण खात्याने १३ राज्यांतल्या १४६ शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीच्या रेषेच्या जरा खाली असल्यामुळे जादा वाचन-गटात टाकलेली पहिलीची मुले, रेषेच्या जरा वर राहिल्याने गटाबाहेर राहिलेल्या मुलांपेक्षा वाचनात मागेच आढळली! दुसरी-तिसरीत ठळक फरक दिसला नाही. या आकड्यावरून सगळी पद्धत फेकून द्यावी असे नाही, कारण तो रेषेच्या आसपासच्या मुलांचा आकडा आहे, अगदी तळातल्या मुलांचा नाही. पण गटात टाकले म्हणजे मदत झाली, हा भ्रम त्याने फोडला. गटात नेताना मूल वर्गातल्या कोणत्या तासाला मुकते, गटाला कोण शिकवते, गटातले धडे वर्गाशी जुळतात का, हे न पाहता केलेली 'मदत' ही मदत नसते.

वागणुकीच्या बाबतीत तर वंशभेद उघडाच आहे. २०१३-१४ च्या सरकारी आकडेवारीनुसार काळ्या विद्यार्थ्याला शाळेतून काही दिवस काढून टाकले जाण्याचे प्रमाण गोऱ्या विद्यार्थ्याच्या ३.८ पट होते. बालवाडीच्या वयातही ते ३.६ पट! चार वर्षांचे लेकरू असा कोणता गुन्हा करते? ओबामा सरकारने २०१४ मध्ये शाळांना बजावले की शिस्तीच्या नावाखाली वंशभेद चालणार नाही. ट्रम्प सरकारने ते पत्रक डिसेंबर २०१८ मध्ये मागे घेतले. पुन्हा सत्तेत आल्यावर मार्च २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खातेच मोडीत काढण्याचा आदेश निघाला आणि एप्रिलमध्ये शाळांच्या शिस्तीबाबत वांशिक प्रमाणाचा विचार करण्याविरुद्ध आणखी एक. म्हणजे त्रिकोण भिंतीवर टांगलेला राहील. त्यात कोणाची मुले कुठे आहेत हे मोजणारा डोळा मात्र फोडला जाईल. मोजणे बंद झाले की अन्याय नाहीसा होतो, ही सत्ताधाऱ्यांची जुनीच युक्ती आहे. जातनिहाय जनगणनेच्या प्रश्नावर आपण ती अनेक वर्षे अनुभवली आहे.

आता आपल्या घरात या.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बाबासाहेब बोलले. तेव्हाचे आकडे त्यांनी मांडले: प्राथमिक शिक्षणात लोकसंख्येच्या दर हजारी पुढारलेल्या हिंदूंचे ११९ विद्यार्थी, मुसलमानांचे ९२, मधल्या वर्गाचे ३८ आणि मागासवर्गाचे फक्त १८. शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात, मग पैसा खर्च झाला तरी कशावर, असेही त्यांनी विचारले. आणि मग तो सिद्धांत सांगितला, जो आज आपण विसरलो आहोत. विषम पातळीवर असलेल्या समाजांना सारखे वागवून समता येत नाही. जे पातळीच्या खाली आहेत त्यांना झुकते माप देणे, म्हणजे वागणुकीत विषमता पाळणे, हाच समतेवर पोहोचण्याचा मार्ग आहे, असे ते म्हणाले.

जास्तीच्या आधाराचा याहून भक्कम पाया दुसरा नाही. म्हणून 'स्तर' शब्दाला भिऊन पळणाऱ्या आपल्या मित्रांना सांगायचे ते हेच, की मागे असलेल्याला जास्त द्या, ही मागणी आपलीच आहे. उतरंड आणि आधार यांत फरक एवढाच की उतरंडीत खालच्याला कमी मिळते आणि तो तिथेच राहतो. आधारात खालच्याला जास्त मिळते आणि तो वर येतो. कोणताही शासकीय कार्यक्रम या दोन्हींपैकी कोणता, हे त्याच्या नावावरून कळत नाही. खालच्या गटाला कोण शिकवतो आणि त्या गटातून किती मुले बाहेर आली, यावरून कळते.

हे पारखण्यासाठी आपल्याकडे अनुभवही आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत 'प्रथम' संस्थेने 'बालसखी' उपक्रम राबवला. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुले, १५ ते २० जणांचा गट, वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी रोज दोन तास त्यांना शिकवणार. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याची तपासणी केली. मुले खरोखर पुढे गेली, आणि जी मुले सर्वांत मागे होती त्यांचा फायदा अधिक झाला. मात्र आधार काढून घेतल्यावर वर्षभराने त्या फायद्यातला बराच भाग ओसरला. हे दोन्ही भाग एकत्र वाचा. वस्तीतल्या मुलीने शिकवले तर मुले शिकतात, म्हणजे मुलांच्या डोक्यात खोट नाही. आणि आधार थांबला की फायदा ओसरतो, म्हणजे मुले परत ज्या वर्गात जातात त्या वर्गातच खोट आहे. शासनाने मात्र यातून स्वस्त शिक्षकाचा धडा घेतला.

दिल्लीत २०१६ मध्ये 'चुनौती' नावाने सरकारी शाळांत सहावीपासून पुढच्या मुलांचे वाचनाच्या क्षमतेनुसार गट करून तुकड्याच वेगळ्या केल्या. एका तुकडीला 'प्रतिभा', दुसरीला 'निष्ठा'. नावे गोड होती. पण ज्याच्या तुकडीला प्रतिभा म्हटले नाही त्या मुलाने काय समजायचे? वर्षभर वेगळी तुकडी हा अमेरिकेतला १९५६ चा ट्रॅक झाला. दिवसातला एखादा तास वेगळा गट आणि बाकी दिवस सगळे एकत्र, ही वेगळी गोष्ट आहे. मराठीत तर एका अक्षराने माणूस ठरतो. मुलाला एकदा 'ढ' म्हटले की ते दहावीपर्यंत त्याच्या पाठीला चिकटते.

महाराष्ट्रात जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आले. पायाभूत चाचणी, संकलित चाचणी, आणि शाळा 'प्रगत' की 'अप्रगत' असा शिक्का. शिक्क्याचा धाक इतका की कागदावर शाळा भराभर प्रगत झाल्या. जुलै २०२१ मध्ये केंद्राचे 'निपुण भारत' आले, मग राज्याचे 'निपुण महाराष्ट्र'. प्रत्येक वेळी नवी चाचणी आणि नवा तक्ता, आणि प्रत्येक वेळी तक्ता भरणारा शिक्षक मात्र तोच, किंवा कमीच! मे २०१२ मध्ये राज्याने शिक्षक भरतीवर बंदी घातली. पवित्र पोर्टलवरून पहिल्या नेमणुका व्हायला २०१९ उजाडले. मधल्या काळात जी मुले पहिलीला आली ती सातवीपर्यंत पोहोचली. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांचे 'समूह शाळे'त रूपांतर करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. त्या शाळा कोणाच्या? तांड्यांच्या, पाड्यांच्या, वाड्यांच्या. पहिली पायरी म्हणजे चांगले रोजचे शिकवणे. शिक्षकच नाही, तर पहिली पायरी कशावर उभी राहणार?

२०२४ च्या 'असर' अहवालाकडे पाहा. देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत पाचवीतल्या फक्त ४४.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला, तिसरीतल्या २३.४ टक्के मुलांना. दोन वर्षांत हे आकडे सुधारले, हे खरे, त्याचे श्रेय मुलांना आणि शिक्षकांना द्या. पण अमेरिकेचा त्रिकोण आठवा: ८० टक्के तळाशी, २० टक्के वर. आपल्याकडे तो उलटा उभा आहे. पाचवीतली निम्म्याहून जास्त मुले मागे असतील तर 'मागे पडलेले मूल' ही भाषाच लबाडीची ठरते. तिथे शाळाच मागे पडलेली असते. आणि मागे पडलेल्या शाळेत कोणाची मुले उरली आहेत? ज्याला परवडते त्याने आपले मूल कधीच इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत हलवले. यात आपलेही नोकरदार आले, ही कडू गोष्ट आहे. जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांत मागे उरली ती शेतमजुरांची, ऊसतोड कामगारांची, सफाई कामगारांची, भटक्यांची, आदिवासींची मुले. त्यांच्यावर पुन्हा 'अप्रगत' हा शिक्का मारायचा, हा संपूर्ण व्यवस्थेने आपला गुन्हा लेकराच्या नावावर लिहिण्याचा प्रकार आहे.

वागणुकीच्या आधाराबद्दल आपल्याकडे कोणी बोलतच नाही. कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. पण छडी गेली तिथे तिच्या जागी काही आले का? शाळेत समुपदेशक आहे का? बाप दारू पितो, आई पहाटे कामाला जाते, घरात धाकटे भावंड सांभाळून जे पोर उशिरा शाळेत पोहोचते त्याला 'उनाड' म्हणून मागच्या रांगेत बसवणे एवढेच वर्तनशास्त्र आपल्या शाळांना माहीत आहे. ह्यूमन राइट्स वॉचने २०१४ मध्ये आंध्र प्रदेश, बिहार, दिल्ली आणि उत्तर प्रदेशातल्या शाळांवर अहवाल काढला. दलित मुलांना वेगळे बसवणे, त्यांच्याकडून संडास साफ करून घेणे, त्यांना अपशब्द वापरणे आणि मग ती शाळेत येईनाशी झाली की 'यांना शिक्षणाची आवड नाही' म्हणणे, हे सगळे त्यात आहे. सातारच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसलेला भीमराव त्या शाळेच्या तक्त्यात कोणत्या स्तरावर टाकला गेला असता? पाणी वरून ओतणारा शिपाई आला नाही तर दिवसभर तहानलेल्या त्या मुलाचे वर्गात लक्ष लागले नसते, तर त्याचे वर्तन कोणत्या रकान्यात नोंदवले गेले असते?

मग करायचे काय? कायदा आपल्या हातात आहे. कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे आणि पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. म्हणजे आधाराच्या पायऱ्या ही कोणाची मेहरबानी नाही. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते. किती गावांत आपल्या बाया या समितीवर आहेत, आणि आहेत तिथे किती जणींना सहीपलीकडे काही विचारू दिले जाते? जयंतीच्या वर्गणीला आपण वस्तीतले प्रत्येक घर गाठतो. जूनमध्ये त्याच घरांतून पाचवीपर्यंतच्या मुलांची यादी करायला दोन संध्याकाळी पुरतील.

ती यादी घेऊन समितीच्या पहिल्या बैठकीला जा. खालच्या स्तरावर नोंदलेल्या मुलांत आपली किती, आदिवासींची किती, भटक्यांची किती आणि शाळेच्या एकूण पटात त्यांचे प्रमाण किती, हे कागदावर मागा. लॅरी पी. च्या वकिलांनी हेच दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवले होते. त्या गटाला शाळेतला सर्वांत अनुभवी शिक्षक शिकवतो की जो मोकळा असेल तो, हे विचारा. निवडणूक, सर्वेक्षण आणि पोर्टलवर माहिती भरण्याच्या दिवशी त्या गटाचा तास होतो का, हेही विचारा. चावडी वाचन असेल तर आपल्या मुलाला तिथे नेण्यास पालक नकार देऊ शकतो हे आयाबायांना सांगा. नकाराचे कारण कलम २९ मध्ये छापलेले आहे. वस्तीतली बारावी किंवा बी.ए. झालेली मुलगी समाजमंदिरात संध्याकाळी दोन तास बसायला तयार असेल तर तिला मानधन ग्रामपंचायतीकडून मिळवून द्या, पण तिच्या नावावर शाळेतला शिक्षक कमी होऊ देऊ नका.

आणि मुख्याध्यापकांनी तक्ता पुढे केला की त्यात दोन तारखा शोधा: मूल गटात कधी गेले आणि पुन्हा कधी तपासले. दुसरी तारीख रिकामी असेल तर ती त्यांच्यासमोरच भरून घ्या.